इंजेक्टर करून आणले, टाकी धुतली आणि आता गाडी सुरू होत नाही: पंप बदलू का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. कराडकडची एक तेरा सीटर टुरिस्ट व्हॅन आहे, २०१५ची, डिझेल, कॉमन रेल (म्हणजे हाय प्रेशर पंप रेल नावाच्या एका जाड पाइपात दाबाचं डिझेल भरतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना मिळतं). घाटात ओढत नव्हती आणि काळा धूर सोडत होती, म्हणून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर काढून लॅबमधून दुरुस्त करून आणले. डिझेल फिल्टर बदलला. टाकीत गाळ दिसला म्हणून टाकीही उतरवून धुतली. सगळं बसवलं आणि आता गाडी सेल्फ जोरात मारते, पण सुरू होत नाही. सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही. एअर फिल्टरच्या पाइपात स्प्रे मारला की दोन सेकंद भुरभुरते आणि बंद पडते. स्कॅनरवर पी ००८७ हा कोड येतो. मिस्त्रींचं म्हणणं, हाय प्रेशर पंप गेला, रिकंडिशन टाकावा लागेल. मालक विचारतायत, टाकू का?

आज तरी टाकू नका.

गाडी गॅरेजला आली ती स्वतःच्या इंजिनावर चालत आली. ओढत नव्हती, धूर सोडत होती, पण चालत होती. म्हणजे त्या दिवशी पंप निदान गाडी सुरू होण्याइतकं प्रेशर देत होता. त्यानंतर पंपाला कुणी हात लावलेला नाही. हात लागला टाकीला, फिल्टरला, उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नच्या नळ्यांना, इंजेक्टरना आणि ते काढताना बाजूला सारलेल्या वायरिंगला. दुरुस्तीनंतर सुरू न होणाऱ्या गाडीचा शोध हात लागलेल्या जागांपासूनच सुरू करायचा. पंप नेमका त्याच मुहूर्तावर जाऊ शकत नाही असं नाही. दुरुस्तीतच तो मारला जाऊ शकतो, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण तपासायच्या यादीत त्याचा नंबर शेवटचा.

तुम्ही दिलेल्या माहितीत तीन गोष्टी कामाच्या आहेत, त्या आधी वाचू.

धूर नाही. सिलिंडरमध्ये डिझेल जाऊन जळलं नाही, तर सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. तो येत नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पडतच नाहीये. त्यामुळे कॉम्प्रेशन, टायमिंग, हीटर प्लग हे सगळं तूर्त बाजूला ठेवता येतं.

स्प्रेवर भुरभुरते. म्हणजे इंजिन फिरतंय, दाबतंय, पेटतंय. वरच्या अंदाजाला यानं दुजोरा मिळतो. पण आता तो डबा कपाटात ठेवा. डिझेल इंजिनात ईथरचा स्प्रे फार लवकर, पिस्टन वर येत असतानाच पेटतो. रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा उडतात, कनेक्टिंग रॉड वाकतो. हीटर प्लग तापलेले असताना मारला तर भडका मॅनिफोल्डमधून उलटा बाहेर येतो. पेट्रोलचा बोळा धरणं हाही त्याच जातीचा उद्योग. जे कळायचं होतं ते कळलं, पुन्हा नको.

तिसरी गोष्ट पी ००८७. या कोडचा अर्थ एवढाच की ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) रेलमध्ये जितकं प्रेशर हवं होतं तितकं मिळालं नाही. का मिळालं नाही, हे तो सांगत नाही. पंपाला डिझेल पोचत नसेल, पोचतंय पण सोबत हवा येत असेल, पंप देतोय पण इंजेक्टरमधून सगळं रिटर्नला पळत असेल, रेलवरचा व्हॉल्व्ह सांडत असेल, रेलवरचा प्रेशर सेन्सर खोटं बोलत असेल, या प्रत्येक वेळी हाच कोड येतो. ‘पी ००८७ म्हणजे पंप’ हे समीकरण कुणी काढलं माहीत नाही, पण त्यावर आपल्याकडे बरेच चांगले पंप बदलले गेलेत.

म्हणून पहिलं काम, स्कॅनर कोड वाचायला नाही तर लाइव्ह डेटा बघायला लावा. तीन आकडे एकाच पडद्यावर घ्या: इंजिनचा आरपीएम, मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर. जमलं तर बॅटरीचा व्होल्टेजही. मग एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर तरी थांबा. सेल्फ जळाला तर एका प्रश्नाचे दोन होतील.

आरपीएम शून्य दिसला तर क्रँक सेन्सरचा कप्लर (वायरीचा जोड) सुटलाय किंवा वायर दबलीय. ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो इंजेक्टर कशाला उघडेल? आरपीएम दीडशेच्या खूप खाली असेल किंवा सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी चार्ज करा आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी नीट घट्ट आहे का बघा. दिवसभर सेल्फ मारून मारून बॅटरी बसलेली असते आणि संध्याकाळी जे तपासाल ते सगळंच खोटं निघतं.

आता रेल प्रेशर. बहुतेक कॉमन रेल गाड्या साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय डिझेल सोडत नाहीत. अचूक आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये आहे. धडधाकट गाडी हे प्रेशर सेल्फच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत गाठते. तुमच्याकडे तीनपैकी एक चित्र दिसेल.

काटा जागचा हलतच नाही, पाच-दहा बारवर पडून आहे, तर पंपापर्यंत डिझेल आलेलं नाही किंवा सेन्सरचा कप्लर लागलेला नाही. सेन्सरची खात्री मल्टिमीटरनं दोन मिनिटांत होते. त्याला ५ व्होल्ट सप्लाय असतो. चावी ऑन, इंजिन बंद आणि रेल रिकामी असताना सिग्नलच्या वायरवर साधारण अर्धा व्होल्ट यायला हवा. शून्य किंवा पूर्ण पाच आला, तर वायरिंग बघा.

काटा साठ, नव्वद, एकशेवीस असा चढतो आणि तिथंच रेंगाळतो, वर-खाली नाचतो. हे चित्र सगळ्यात जास्त वेळा दिसतं. डिझेल येतंय, पण एक तर हवेसकट येतंय किंवा जमलेलं प्रेशर कुठून तरी सांडतंय.

आणि काटा अडीचशेच्या वर जाऊन टिकतो, तरी गाडी सुरू होत नाही. मग पंप निर्दोष. कॅम-क्रँकचं जुळणं, इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप), इंजेक्टरचं वायरिंग हे बघायचं. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह मीटरवर भराभर लुकलुकत असेल, तर डिझेलच्या नळ्या चिवडण्यात अर्थ नाही. पण तुमच्याकडे पी ००८७ येतोय, म्हणजे तिसरं चित्र नसणार. दुसरं धरून पुढं लिहितो.

आता हवा. लोकांना वाटतं हवा म्हणजे एकदा फिल्टरजवळचा, हातानं दाबायचा हँड पंप मारून काढली की गेली. फिल्टर बदलल्यावर भरलेली हवा जाते, हे खरं. पण कुठून तरी सतत शिरत असेल, तर दिवसभर हँड पंप मारला तरी ती जाणार नाही. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल, तर टाकीपासून हाय प्रेशर पंपापर्यंतची सगळी लाइन ओढीवर असते, म्हणजे आत वातावरणापेक्षा कमी दाब. अशा लाइनला भेग असली, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. ‘नळ्या कोरड्या आहेत, कुठं गळत नाही’ हे इथं सर्टिफिकेट होऊ शकत नाही. डिझेल गळताना दिसलं, तर उलट आपलं काम सोपं होतं.

तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखा. चावी ऑन करा आणि टाकीजवळ कान द्या. दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू आली तर टाकीत इलेक्ट्रिक पंप आहे. टाकी उतरवली होती, म्हणजे त्याचा कप्लर काढला होता. तो बसलाय का, फ्यूज आणि रिले ठीक आहेत का, हे बघा. आवाजच नसेल, तर गाडी ओढीवरची असेल किंवा पंप मुका झालाय. वायरिंगचा नकाशा किंवा टाकीच्या डोक्यावरच्या जाड-बारीक वायरी बघून ते कळतं. तिथं नुसता काट्याचा फ्लोट असेल तर वायरी बारीक असतात.

हवा शोधायला उपकरण स्वस्तातलं आहे: डिझेल सहन करणारी पारदर्शक नळी, हातभर, आणि दोन नवे क्लॅम्प. फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी ती घाला. हँड पंप कडक होईपर्यंत मारा, मग सेल्फ मारा आणि नळीकडे बघा. सुरुवातीला काही बुडबुडे जाणार, ते सोडून द्या. नंतर नळीत स्वच्छ, एकसंध डिझेल दिसलं पाहिजे. सोड्यासारखा फेस येत राहिला किंवा मधेमधे लांबलचक रिकामी जागा सरकताना दिसली, तर हवा आहे. बुडबुडे येतच नाहीत, डिझेलही हलत नाही, तर लाइन बंद आहे. हँड पंप कधीच कडक होत नसेल, तर त्याच्या आतला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गेलेला असू शकतो. प्लास्टिकच्या डोक्यावरच्या हँड पंपांत हे सर्रास होतं.

हवा आहे हे कळलं की ती टाकीकडून येतेय की फिल्टरकडून, हे वेगळं करायचं. त्यासाठी टाकीलाच रजा द्या. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात पेट्रोल पंपावरचं ताजं डिझेल. कॅन बॉनेटच्या उंचीला टांगा, नळी थेट फिल्टरच्या इनलेटला लावा, रिटर्नची नळी त्याच कॅनमध्ये सोडा. डिझेल वरून आपोआप उतरतं, ओढीचा प्रश्न मिटतो. एअर काढा, सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर इंजेक्टर आणि पंप दोघंही सुटले, दोष फिल्टरच्या मागच्या बाजूला. माझ्याकडे दुरुस्तीनंतरच्या अशा गाड्या टोइंग होऊन येतात, त्यातल्या पुष्कळ या कॅनवरच सुरू होतात.

टाकी उतरवलेली असेल, तर नेहमीची चूक कुठली ते सांगतो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. टाकीच्या डोक्यावर दोन नळ्या असतात, एक डिझेल ओढणारी, एक परत येणारी. टाकीच्या आत ओढणारा पाइप तळापर्यंत जातो, रिटर्नचा बऱ्याच टाक्यांत वरच संपतो. बसवताना दोन्ही उलटसुलट झाल्या, की पंप रिटर्नच्या आखूड पाइपातून ओढायला बघतो. धुतलेल्या टाकीत आपण दहा लिटर डिझेल टाकलेलं असतं, ते खाली तळाशी, आणि पंप पितोय हवा. वर सगळं नवं, घट्ट, कोरडं. काही टाक्यांवर बाण कोरलेले असतात, पण त्यावर गाळाचा थर असतो. संशय असेल तर टाकीजवळची ओढणारी नळी काढून तिच्या निप्पलला वेगळी नळी लावा आणि हँड सायफननं ओढून बघा. तोंडानं ओढू नका. डिझेल फुप्फुसात गेलं तर तो वेगळाच दवाखाना आहे.

टाकीतला पाइप प्लास्टिकचा असेल, तर धुताना वाकून त्याला वर कुठं तरी चीर गेलेली असते. टाकी पूर्ण भरली की गाडी चालते, अर्ध्यावर आली की बंद पडते, हे त्याचं लक्षण. तळाच्या जाळीत कापसाच्या चिंध्या अडकलेल्याही सापडतात, ज्या कापडानं टाकी पुसली त्याच्याच.

फिल्टरकडे येऊ. जुना ओरिंग (रबरी कडं) फिल्टरच्या डोक्याला चिकटून राहतो आणि नव्याचा त्यावर दुसरा बसतो. वरून घट्ट लागतो, पण हवा घेतो. काढून बघायला पाच मिनिटं लागतात. खालचा पाणी सोडायचा स्क्रू आणि पाण्याच्या सेन्सरचा ओरिंग यांचंही तेच. बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) जुने कॉपर वायसर पुन्हा वापरले असतील, तर बदला. एका वायसरसाठी गाडी उभी करण्यात शहाणपण नाही.

फिल्टर बसवताना तो आधी डिझेलनं भरला होता का, आणि कुठल्या भोकातून, हेही मिस्त्रींना विचारा. स्पिन-ऑन (फिरवून बसवायच्या डबा) फिल्टरच्या तोंडाला बाहेरची छोटी भोकं कच्च्या डिझेलची आणि मधलं मोठं भोक गाळलेल्या डिझेलचं असतं. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधले भाग एकमेकांत दोन-चार मायक्रॉनच्या फटीनं बसलेले असतात, आणि आपलं एक केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड. कोरडा बसवून हँड पंपानं भरणं हाच सुरक्षित रस्ता. हात दुखतात, पण लाखाचं काम वाचतं.

कॅनवरही गाडी सुरू झाली नाही, नळीत डिझेल स्वच्छ आहे, आणि रेल प्रेशर तरीही शंभराच्या आसपास घोटाळतंय, तर मात्र इंजेक्टरकडे वळायचं. तुमच्या गाडीत माझा दुसरा संशय यांच्यावरच आहे, कारण नुकतेच उघडलेत.

सोलेनॉइडच्या (विजेच्या कॉइलवर चालणाऱ्या) इंजेक्टरमध्ये नोझल उघडण्यासाठी वर एक चिमुकला बॉल आणि त्याची सीट असते. लॅबमध्ये इंजेक्टर करतात म्हणजे बहुतेक वेळा नोझल आणि हा व्हॉल्व्ह सेट बदलतात. सीट नीट बसली नाही, बॉलखाली कण राहिला किंवा आतला सील फाटला, की रेलमधलं प्रेशर नोझलपर्यंत न जाता थेट रिटर्नला वाहून जातं. सेल्फवर पंप सावकाश फिरत असतो, त्याचा पुरवठा थोडा. चारपैकी एक इंजेक्टर जरी असा सांडत असला, तरी बाकी तिघं उपाशी आणि रेल दोनशेपर्यंत पोचत नाही. वेगात असती, तर गाडी चाललीही असती. म्हणून धक्का मारून सुरू होते, सेल्फवर होत नाही, अशा गाड्या याच गटातल्या असतात.

चाचणी सोपी. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढा, प्रत्येकाला स्वतंत्र नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडा. मूळ रिटर्नच्या पाइपाचं मोकळं तोंड बंद करा, म्हणजे पंपाच्या रिटर्नचं डिझेल इंजिनवर उडणार नाही. दहा सेकंद सेल्फ मारा. धडधाकट इंजेक्टर एवढ्यात नाममात्र डिझेल सोडतो, नळी जेमतेम ओली होते. एका बाटलीत बोटभर डिझेल आणि बाकी तिघींत तळ ओला, तर गुन्हेगार सापडला. चौघींत भरपूर, तर लॅबकडे चारही परत. आणि चौघीही कोरड्या, तर इंजेक्टर सुटले.

लॅबकडे जाताना टेस्ट बेंचचा छापील रिपोर्ट मागा. ‘चेक करून दिलेत’ हा रिपोर्ट नव्हे. त्यात लीक टेस्ट, फुल लोड, मधला लोड, आयडल आणि प्री-इंजेक्शन यांचे आकडे असतात, प्रत्येकापुढं मर्यादा छापलेली असते आणि रिटर्नचा आकडा वेगळा असतो. चांगली लॅब न मागता देते. इंजेक्टर आणि पंप बनवणाऱ्या बॉश कंपनीला जुने मिस्त्री अजूनही मायकोच म्हणतात. नाशिकला बॉशचा कारखाना आहे, त्यामुळं आपल्या भागात या कामाची जाण असलेली माणसं मिळतात. पण बेंच असणं आणि बेंचवर प्रत्येक इंजेक्टर खरोखर चढवणं यात फरक आहे.

रेलच्या टोकाला प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह असेल, तर त्याचीही रिटर्न नळी काढून सेल्फ मारा. तिथून थेंबही यायला नको. काही रेलवर त्याऐवजी वायरनं चालणारा प्रेशर रेग्युलेटर असतो. त्याचा कप्लर लावायचा राहिला, तर स्प्रिंगच्या जोरावर जेमतेम शंभर बार टिकतात आणि गाडी सुरू होत नाही. इंजेक्टर काढताना हा कप्लर हमखास आडवा येतो, म्हणून बाजूला केला जातो. पंपात किती डिझेल शिरेल ते ठरवणाऱ्या, पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचं मात्र उलट. बॉश आणि डेल्फीच्या पुष्कळ पंपांत तो करंट नसताना पूर्ण उघडा राहतो, त्यामुळे त्याचा कप्लर निसटल्यानं प्रेशर कमी होत नाही. वायर कुणाची सुटलीय हे बघताना एवढं लक्षात ठेवा.

इंजेक्टरच्या कोडबद्दल विचाराल म्हणून लिहितो. डोक्यावर कोरलेला अक्षर-आकड्यांचा कोड ईसीएममध्ये घालायचा असतो, आणि इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर बसले तर त्या क्रमानं बदलायचा असतो. तो न घातल्यानं गाडी खडखडते, धूर देते, आयडलला थरथरते. मुळीच सुरू होत नाही असं सहसा होत नाही. गाडी सुरू झाल्यावर करायचं काम आहे ते. कप्लर एक नंबरचा दोनला आणि दोनचा एकला असे उलटे लागले, तर मात्र सुरू व्हायला त्रास होतो. इंजेक्टरची कॉइल बॉशच्या सोलेनॉइड जातीत एका ओहमपेक्षाही कमी दाखवते, मीटर स्वस्तातला असेल तर शॉर्ट वाटते. घाबरू नका, चौघांची आपसांत तुलना करा, आणि प्रत्येकाची कॉइल त्याच्या बॉडीशी शॉर्ट नाही ना तेवढं बघा.

इथं एक ताकीद, आणि ती मी प्रत्येकाला देतो. जुन्या इनलाइन किंवा रोटरी पंपाच्या गाडीत एअर काढायला इंजेक्टरच्या नळीचे नट सैल करून सेल्फ मारायची पद्धत होती. ती त्या गाड्यांसाठी बरोबरच होती, आणि आजही एखाद्या जुन्या डिझेल व्हॅनवर तसंच करावं लागतं, शिवाय तिथं स्टॉप सोलेनॉइडला (इंजिन बंद करायला डिझेल तोडणाऱ्या व्हॉल्व्हला) १२ व्होल्ट येतात का तेही बघावं लागतं. कॉमन रेलवर हे अजिबात करू नका. सेल्फवरचे दोनशे बारही त्वचा फोडून डिझेल आत घालायला पुरेसे आहेत, आणि इंजिन सुरू झालं तर हजाराच्या वर जातं. बोटावर सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि आत मांस सडायला लागतं. तसं काही झालं तर मलम लावून घरी जायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ‘हाय प्रेशर डिझेल आत गेलंय’ असं सांगायचं. तातडीनं ऑपरेशन करावं लागतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, हात नाही. इंजिन बंद केल्यावरही पाइप खोलण्याआधी काही मिनिटं थांबा आणि स्कॅनरवर प्रेशर उतरलंय का बघा. सुरू असलेल्या इंजिनच्या इंजेक्टरच्या वायरीही सोलू नका, त्यांत १२ नव्हे, साठ-सत्तर व्होल्टच्या वर झटके असतात.

एवढं सगळं होऊन नळीत डिझेल स्वच्छ, बाटल्या कोरड्या, रेलचा व्हॉल्व्ह कोरडा, सेन्सर खरा, बॅटरी भरलेली, आणि प्रेशर तरीही वर जात नाही, तर पंप. तेव्हा मिस्त्रींचं म्हणणं मान्य.

आणि पंप जायचं कारण या दुरुस्तीतच असू शकतं, ते असं. या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. टाकी धुतली, लाइन रिकामी झाली, फिल्टर कोरडा लावला आणि एअर न काढता नुसताच सेल्फ मारत राहिलं, तर पंप कोरडा फिरतो. आतला कॅम आणि रोलर घासतात, धातूचा कीस सुटतो. म्हणून पंपाचा निकाल लावण्याआधी त्याच्या रिटर्नमधून किंवा मीटरिंग व्हॉल्व्हच्या तोंडाशी थोडं डिझेल पांढऱ्या कपड्यावर घ्या, उन्हात धरा. स्वच्छ असेल तर ठीक. चांदीच्या वर्खासारखी चमकणारी पूड दिसली, आणि कपड्याखालून लोहचुंबक फिरवल्यावर ती सरकली, तर पंप आतून खाल्लाय. मग नुसता पंप बदलून भागत नाही. तो कीस रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नवाटे टाकीत गेलेला असतो. रेल, नळ्या, टाकी धुवायची, फिल्टर पुन्हा बदलायचा, इंजेक्टर पुन्हा बेंचवर. हे न करता टाकलेला रिकंडिशन पंप तोच कीस खाऊन काही दिवसांत मरतो आणि मग भांडण पंपवाल्याशी.

म्हणून मिस्त्रींना विचारा, रागावून नाही, सरळ: एअर काढायच्या आधी किती वेळ सेल्फ मारला होता? त्या उत्तरावर पंपाचा संशय किती धरायचा ते ठरेल.

तुमच्या गाडीबाबत मला वाटतं ते क्रमानं सांगतो. सगळ्यात आधी टाकीवरच्या दोन नळ्या उलट्या लागलेल्या किंवा फिल्टरवर दुहेरी ओरिंग. त्यानंतर रिटर्नला सांडणारा एखादा इंजेक्टर. त्यानंतर सुटलेला कप्लर. मग पंप. कॅन, पारदर्शक नळी आणि चार बाटल्या, यांत एका सकाळचं काम आहे, आणि खर्च पंपाच्या मानानं काहीच नाही. मिस्त्रींना हे करायचं नसेल तर गाडी टो करून लॅबमध्येच न्या. तिथं स्कॅनर आणि बेंच एका छताखाली असतं.

गाडी सुरू झाली की लगेच रेस करू नका. आयडलवर दहा मिनिटं राहू द्या, उरलेली हवा रिटर्नमधून निघून जाईल, तोवर खडखडणारच. पुठ्ठ्यानं प्रत्येक नटाजवळ गळती बघा. इंजेक्टरच्या बुडाशी चक-चक आवाज येत असेल किंवा काळा चिकट डाग धरत असेल, तर खालचा कॉपर वायसर दाब सोडतोय. जुन्याच्या वर नवा बसलाय का तेही तिथंच बघा, कारण दुहेरी वायसरनं नोझल वर उचललं जातं आणि धूर पुन्हा सुरू होतो. कोड पुसा, इंजेक्टरचे नंबर ईसीएममध्ये घाला, मग कराडच्या आसपास वीस-पंचवीस किलोमीटर चक्कर मारून परत या आणि रेलचे मागितलेले व प्रत्यक्ष आकडे चढावर पुन्हा बघा. दोन्ही बरोबर चालत असतील तर घाटात न्यायला हरकत नाही. पॅसेंजर मात्र दुसऱ्या दिवशी घ्या. आणि बाटल्यांची चाचणी झाली की चौघींतलं डिझेल कुठपर्यंत आलं, त्याचा फोटो आणि सेल्फवरचा रेलचा आकडा एवढं कळवा, पुढचं त्यावर सांगतो.